पुण्याहून नेकनूरला निघालेला फोटॉन

पुण्याहून अहिल्यानगर, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा या वाटेनं गेलं तर बालाघाटाच्या पठारावरचं नेकनूर साधारण २५० किलोमीटरवर आहे. मोबाइलवरचा संदेश काचेच्या फायबरमधून हे अंतर जेमतेम सव्वा मिलिसेकंदात कापतो. वाटेत सिग्नल क्षीण झाला, तर यंत्रं त्याला बळ देतात आणि पुढे पाठवतात. पण संदेशाऐवजी प्रकाशाचा एकच कण, एकच फोटॉन पाठवायचा असेल आणि त्याची प्रत काढायला निसर्गानंच मनाई केलेली असेल, तर हेच अडीचशे किलोमीटर भलते लांब होतात. दूरच्या क्वांटम संदेशवहनाची सगळी अडचण या अंतरात आहे आणि ती सोडवण्यासाठी जगातली उत्तम डोकी गेली तीस-पस्तीस वर्षं झटत आहेत.

नेकनूरला आज अशी क्वांटम लाइन नाही. हिशोबापुरती ती आहे असं धरू. आजच्या चांगल्या फायबरमध्ये दर १५ किलोमीटरला निम्मा प्रकाश काचेत जिरतो. शंभर किलोमीटरवर शंभरातला एक फोटॉन उरतो. अडीचशे किलोमीटरवर लाखात एक. मुंबईहून लाइन टाकली, तर चारशे किलोमीटरनंतर दहा कोटींतला एक. पुण्यातून सेकंदाला दहा लाख फोटॉन सोडले, तर नेकनूरच्या बँकेच्या शाखेत सेकंदाला दहा पोचतील, आणि तेही डिटेक्टरनं एकही सोडला नाही तर.

एवढा खटाटोप कशासाठी? बँकेचा व्यवहार, रुग्णालयातला अहवाल, जमिनीचा दस्त यांतलं काहीही इंटरनेटवरून जाताना कुलूपबंद होऊन जातं. त्या कुलपाची किल्ली दोन्ही टोकांना एकच असावी लागते आणि ती दूरवर पोचवण्याचं काम आज गणित करतं. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणं सध्याच्या संगणकांना अशक्यप्राय. रोजच्या सुरक्षेचा बराच भाग अशा कोड्यांवर उभा आहे. १९९४ साली पीटर शोर यांनी दाखवून दिलं, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे कोडं झटपट सोडवेल. तसा संगणक अजून तयार झालेला नाही. पण आज जाणारी कुलूपबंद माहिती साठवून ठेवायची आणि तो संगणक आला की उघडायची, हा मार्ग कोणालाही मोकळा आहे. वीस-तीस वर्षं गुप्त राहायला हवी अशी माहिती आजच धोक्यात आहे ती यामुळे.

गणिताऐवजी निसर्गनियमांवर किल्ली सोपवण्याची पहिली पूर्ण पद्धत भारताच्या भूमीवर मांडली गेली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. डिसेंबर १९८४ मध्ये बंगळुरूला संगणक आणि सिग्नल-प्रक्रिया या विषयांवर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांचा लेख त्या परिषदेच्या कामकाजात छापला गेला. दोघांची आद्याक्षरं आणि साल जोडून त्या पद्धतीला आज जग ‘बीबी-८४’ म्हणतं. एकेकट्या फोटॉनच्या ध्रुवीकरणात, म्हणजे त्याच्या कंपनाच्या दिशेत, किल्लीचा एकेक बिट लिहायचा. वाटेत कोणी तो वाचायला गेला, तर त्याला योग्य दिशा ठाऊक नसते आणि चुकीच्या दिशेनं मोजलं की फोटॉनची मूळ अवस्था मोडते. प्रत काढून ठेवावी, तर अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत निघूच शकत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झालं होतं. चोरट्यानं प्रत्येक फोटॉन पकडून मोजला आणि तसाच दुसरा पुढे पाठवला, तर दोन्ही टोकांच्या जुळणीत सुमारे २५ टक्के चुका निघतात. चोरी झाली की ती उघड होते.

१९९१ मध्ये आर्टर एकर्ट यांनी यापुढचं पाऊल टाकलं आणि एंटँगलमेंट, म्हणजे क्वांटम गुंफण, सुरक्षेच्या कामाला जुंपली.

एका खास स्फटिकावर लेसर टाकला की क्वचित एखाद्या फोटॉनचे दोन, एकमेकांत गुंतलेले फोटॉन होतात. एक फोटॉन पुण्यात ठेवला आणि दुसरा नेकनूरला पाठवला. पुण्यात मोजणी केली तर उत्तर ‘उभा’ येईल की ‘आडवा’, हे कोणीच आधी सांगू शकत नाही. पण तिकडे नेकनूरला त्याच दिशेनं मोजलं, तर उत्तर पुण्याच्या उत्तराशी दर वेळी जुळतं. निघतानाच दोघांनी उत्तरं ठरवून घेतली असतील, असं वाटणं साहजिक आहे. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये या शंकेची परीक्षा कशी घ्यायची ते दाखवलं. क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी १९६९ मध्ये ती प्रयोगशाळेत करता येईल अशा रूपात आणली: वेगवेगळ्या दिशांनी मोजण्या करून एक आकडा काढायचा. उत्तरं आधीच ठरलेली असतील तर तो २ च्या वर जात नाही; गुंफण खरी असेल तर तो २.८३ पर्यंत चढतो. प्रयोगांत तो २ च्या वर जातो. या कामासाठी आलँ आस्पे, जॉन क्लाउझर आणि आंटोन झायलिंगर यांना २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

एकर्ट यांची कल्पना अशी, की हाच आकडा सुरक्षेचं माप ठरतो. दोन फोटॉन एकमेकांत पूर्ण गुंतलेले असतील, तर तिसऱ्या कशाशीही ते गुंतू शकत नाहीत. चोरट्यानं त्यांच्याशी जेवढं नातं जोडलं असेल, तेवढं त्या दोघांमधलं नातं सैल होतं आणि आकडा २.८३ वरून खाली सरकतो. मग किल्ली कोणी वाचली का, हे शोधायला लाइनवर पहारा बसवायला नको. दोन टोकांनी काही मोजण्या उघडपणे ताडून पाहिल्या की पुरे. गुंफण जितकी निकोप, किल्ली तितकी सुरक्षित. दूरच्या क्वांटम संदेशवहनात गुंफण सुधारणं आणि सुरक्षा वाढवणं ही एकच मोहीम आहे, ती याच कारणानं.

वाटेत गुंफण बिघडते कशानं? फोटॉन हरवणं हा एक भाग. उन्हानं तापणाऱ्या, वाऱ्यानं हलणाऱ्या फायबरमध्ये ध्रुवीकरणाची दिशा हळूहळू वळत जाते, हा दुसरा. तिसरा भाग डिटेक्टरचा आहे. तो कधी कधी फोटॉन आलेला नसतानाही ‘आला’ म्हणतो. जवळच्या अंतरावर खऱ्या फोटॉनच्या गर्दीत ही खोटी नोंद खपून जाते. पण सेकंदाला दहाच खरे फोटॉन येत असतील, तर चार-पाच खोट्या नोंदीही किल्ली नासवायला पुरतात. नेहमीच्या पद्धतीत चुकांचं प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास पोचलं की सुरक्षित किल्ली निघत नाही. चुका चोरट्यामुळे झाल्या की उन्हामुळे, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून प्रत्येक चूक चोरट्याच्या खात्यावर धरावी लागते, आणि ते बरोबरच आहे. अतिवाहक तारांचे डिटेक्टर उणे २७० अंश सेल्सियसच्या आसपास थंड करून वापरायचे, ते या खोट्या नोंदी कमीत कमी व्हाव्यात म्हणून.

भारतातल्या प्रयोगांचे आकडे याच नजरेनं पाहिले पाहिजेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीनं प्रयागराज ते विंध्याचल असं शंभर किलोमीटरहून अधिक अंतर साध्या व्यावसायिक फायबरवरून किल्ली पाठवून गाठलं. त्यात गुंतलेल्या जोड्या नव्हत्या. क्षीण प्रकाशाची स्पंदनं होती. गुंफणीवर आधारलेली किल्ली त्याच वर्षी जानेवारीत अहमदाबादला, भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि इस्रोचं अवकाश उपयोजन केंद्र यांच्या शास्त्रज्ञांनी खुल्या हवेतून ३०० मीटरवर पोचवली आणि तिच्या आधारानं दुतर्फा व्हिडिओ कॉलही करून दाखवला. जून २०२५ मध्ये आयआयटी दिल्लीच्या प्रा. भास्कर कंसेरी यांच्या गटानं डीआरडीओबरोबर हे अंतर एक किलोमीटरच्या पुढे नेलं. किल्लीचा वेग सेकंदाला सुमारे २४० बिट आणि चुकांचं प्रमाण ७ टक्क्यांहून कमी होतं.

शंभर किलोमीटर कुठे आणि एक किलोमीटर कुठे, असं वाटेल. पण दोन्ही प्रयोगांची जात वेगळी आहे. एक किलोमीटरवर टिकवलेल्या गुंफणीतूनच पुढे टप्प्याटप्प्याचं जाळं विणता येतं, म्हणून तिचं मोल मोठं आहे.

टप्प्यांचा सोपा मार्ग चीननं २०१७ मध्ये बीजिंग ते शांघाय या सुमारे दोन हजार किलोमीटरच्या लाइनवर वापरला. वाटेत ३२ केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्रात किल्ली उघडली जाते आणि पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा कुलूपबंद होते. आपल्या लाइनवर अहिल्यानगरला असं केंद्र बसवलं, तर अंतराचा प्रश्न सुटेल, पण तिथल्या यंत्रापर्यंत पोचणाऱ्या माणसाला पुण्याची आणि नेकनूरची किल्ली वाचता येईल. निसर्गनियमांवर सोपवलेली सुरक्षा पुन्हा एका खोलीच्या दारावरच्या पहारेकऱ्यावर येते. सैन्याच्या किंवा सरकारी लाइनला हे चालेल. नागरिकांच्या जाळ्यासाठी हा उपाय अपुरा आहे.

खरा उपाय क्वांटम रिपीटर. ब्रीगल, ड्यूर, सिराक आणि झोलर यांनी तो १९९८ मध्ये मांडला. त्याच्या मुळाशी गुंफणीची अदलाबदल आहे. पुणे आणि अहिल्यानगर यांच्यात एक गुंतलेली जोडी, अहिल्यानगर आणि नेकनूर यांच्यात दुसरी. अहिल्यानगरला दोन्ही जोड्यांचा एकेक फोटॉन आहे. त्या दोघांची एकत्र, विशिष्ट प्रकारची मोजणी केली, की पुण्याचा आणि नेकनूरचा फोटॉन एकमेकांत गुंततात, जरी त्यांची कधी गाठ पडलेली नसली तरी. मधल्या दोन माणसांनी हात मिळवावा आणि दोन टोकांची अनोळखी घरं एकमेकांची सोयरी व्हावीत, तसंच हे. अहिल्यानगरच्या यंत्राला मात्र किल्लीतलं काहीच कळत नाही. तिथली मोजणी फक्त दोन फोटॉनमधलं नातं विचारते; प्रत्येकाचं उत्तर काय, हे विचारत नाही. ते यंत्र शत्रूच्या हाती पडलं तरी बेलच्या परीक्षेत लबाडी उघडी पडते.

पण यात एक मेख आहे. मधोमध नुसतं स्थानक उभारून फायदा होत नाही. सव्वाशे किलोमीटरवरून फोटॉन येण्याची शक्यता साधारण तीनशेत एक. दोन्ही बाजूंचे फोटॉन एकाच क्षणी यायला हवेत, म्हणजे तीनशे गुणिले तीनशे. हिशोब पुन्हा लाखाच्या घरातच जातो. हा गुणाकार मोडायचा, तर आधी आलेली गुंफण जपून ठेवणारी स्मृती हवी. पुण्याकडचा टप्पा जुळला, तो राखून ठेवा. नेकनूरकडचा जुळेपर्यंत प्रयत्न करत राहा. मग अदलाबदल करा. आता काम लाखांत नव्हे, काही शे प्रयत्नांत होतं. क्वांटम स्मृती हा या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत अवघड भाग आहे, असं म्हणायला हरकत नाही.

२०२४ मध्ये या बाजूला एकदम तीन ठिकाणी उजाडलं. हार्वर्डच्या गटानं हिऱ्यातल्या सिलिकॉनच्या दोषांमध्ये गुंफण साठवली आणि बोस्टन परिसरातल्या ३५ किलोमीटरच्या फायबरच्या फेऱ्यातून ती जोडून दाखवली. चीनमधल्या हफे शहरात अणूंच्या ढगांवर तसंच काम झालं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटानं डेल्फ्ट आणि हेग इथले दोन हिऱ्याचे तुकडे २५ किलोमीटर फायबरनं जोडून गुंतवले. हेगचं फायबर जमिनीत पुरलेलं, शहराचं नेहमीचं फायबर होतं. प्रयोगशाळेच्या चार भिंतींबाहेर आलेलं हे काम म्हणूनच महत्त्वाचं.

साठवलेली गुंफणही हळूहळू विरते आणि प्रत्येक अदलाबदलीत आणखी थोडी खराब होते. यावर १९९६ मध्ये बेनेट, ब्रासार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्धीकरणाची रीत शोधली. कमी प्रतीच्या दोन जोड्या घ्यायच्या. दोन्ही टोकांना त्यांच्यावर ठरावीक क्रिया करायची. मग एक जोडी मोजायची आणि फोनवर उत्तरं ताडायची. उत्तरं जुळली तर न मोजलेली जोडी ठेवायची. नाही जुळली तर दोन्ही टाकून द्यायच्या. गणित असं सांगतं, की ७५ टक्के प्रतीच्या, म्हणजे आदर्श गुंफणीशी ७५ टक्के जुळणाऱ्या, दोन जोड्यांतून, प्रयोग साधला तर, सुमारे ७९ टक्के प्रतीची एक जोडी हाती येते, आणि शंभरातल्या सुमारे ७२ वेळा तो साधतो. हेच पुन्हा पुन्हा करत प्रत वाढवत न्यायची. मूळ प्रत ५० टक्क्यांच्या वर असावी, एवढीच या रीतीची अट. निम्म्याहून अधिक जोड्यांचा बळी देऊन सुरक्षा विकत घ्यायची, असा हा सौदा आहे. फोटॉन आधीच मोजके असताना तो जड जातो. म्हणूनच चांगले स्रोत, चांगले डिटेक्टर आणि चांगली स्मृती या तिन्ही गोष्टी एकमेकींवाचून अडतात.

आकाशातली वाट निराळी आहे. वातावरणाचा दाट थर काही किलोमीटरचाच. त्यापलीकडे पोकळीत फोटॉन जिरत नाही. चीननं ऑगस्ट २०१६ मध्ये सोडलेल्या ‘मिशियस’ उपग्रहानं पुढच्या वर्षी बाराशे किलोमीटर अंतरावरच्या दोन स्थानकांना गुंतलेले फोटॉन पोचवले. २०२० मध्ये त्याच मार्गानं ११२० किलोमीटरवर, मध्ये कोणावरही विश्वास न टाकता, किल्ली तयार झाली. वेग होता सेकंदाला ०.१२ बिट. या वेगानं २५६ बिटांची एक किल्ली जमायला सलग पस्तीस मिनिटं लागतील, आणि उपग्रह तर एका फेरीत दोन्ही स्थानकांना काही मिनिटंच दिसतो. पावसाळी ढग आणि दिवसाचा उजेड या अडचणी वेगळ्याच. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत प्रा. उर्बसी सिन्हा यांचा गट इस्रोच्या साह्यानं या दिशेनं काम करतो. तिथल्या अभ्यासात लडाखमधलं हान्ले, नैनिताल आणि माउंट अबू यांची तुलना झाली आणि उपग्रहाच्या स्थानकासाठी हान्ले सर्वांत योग्य ठरलं.

‘ही लाइन कोणी फोडूच शकत नाही’ असा दावा जाहिरातीत दिसला, तर वाचकानं सावध व्हावं. सिद्धान्त अभंग असतो. यंत्रं माणसांनी बनवलेली असतात. २०१० मध्ये वादिम माकारोव आणि सहकाऱ्यांनी बाजारात विकल्या जाणाऱ्या दोन क्वांटम-किल्ली यंत्रांचे डिटेक्टर प्रखर प्रकाशानं आंधळे करून दाखवले. त्यानंतर ते डिटेक्टर चोरट्याच्या तालावर नोंदी करत राहिले आणि चुकांचं प्रमाण काही वाढलं नाही. ही पळवाट बंद करण्यासाठी २०१२ मध्ये लो, कर्टी आणि ची यांनी अशी पद्धत सुचवली, की डिटेक्टर खुद्द चोरट्याच्या हाती दिले तरी चालतील. सर्वांत कडक पद्धतीत तर दोन्ही यंत्रांवर अजिबात विश्वास टाकत नाहीत; बेलचा आकडा तेवढा खरा मानतात. २०२२ मध्ये ऑक्सफर्डला दोन मीटर अंतरावरच्या दोन आयनांतून अशी किल्ली निघाली: सुमारे आठ तासांत ९५ हजारांच्या आसपास बिट. अंतर दोनच मीटर, पण सुरक्षेची ही सर्वांत वरची पायरी आहे.

या सगळ्यात पुण्याचा वाटा एका अगदी मूलभूत गोष्टीत आहे. मोजणीची दिशा दर वेळी निखळ यादृच्छिक निवडावी लागते. ती आधी ओळखता आली, तर बाकीची सुरक्षा फुकट. डीआरडीओच्या पुण्यातल्या क्वांटम तंत्रज्ञानाच्या तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळेनं फोटॉन फायबरच्या कोणत्या फाट्यावर वळतो, यावरून यादृच्छिक संख्या काढणारं यंत्र तयार केलं. त्याचा वेग सेकंदाला सुमारे १५० मेगाबिट आहे. याच प्रयोगशाळेनं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेबरोबर क्वांटम संगणकासाठी सहा क्यूबिटांचा, म्हणजे क्वांटम बिटांचा, प्रोसेसर तयार करून त्याची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण केली. आयसर पुण्याच्या आवारात क्वांटम तंत्रज्ञानाचं आय-हब उभं आहे. मुंबईच्या आयआयटीकडे राष्ट्रीय क्वांटम मिशनमधलं सेन्सिंगचं केंद्र आलं आहे, तर संदेशवहनाचं केंद्र आयआयटी मद्रास आणि दूरसंचार संशोधन करणारी सी-डॉट यांच्याकडे. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या या मिशनला ६००३.६५ कोटी रुपये आणि २०३०-३१ पर्यंतचा अवधी आहे. देशात दोन हजार किलोमीटरवर उपग्रहाद्वारे सुरक्षित संदेशवहन, शहरांमधल्या दोन हजार किलोमीटर लाइनवर किल्लीवाटप आणि क्वांटम स्मृती असलेलं अनेक केंद्रांचं जाळं, ही त्याची उद्दिष्टं आहेत. या तिन्हींतलं शेवटचं सर्वांत अवघड आणि सर्वांत दूरगामी. पैसा आणि माणसं तिकडे कमी पडू नयेत.

मराठवाडाही या प्रकाशापासून फार दूर राहणार नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहत असलेल्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळा गुरुत्वीय लहरींचा क्षीण ठसा ओळखण्यासाठी ‘स्क्वीझ्ड’ म्हणजे दाबलेला प्रकाश वापरतात. तो तयार होतो अशाच स्फटिकांतल्या त्याच प्रक्रियेतून, जिच्यातून गुंतलेले फोटॉन जन्माला येतात. शत्रूही तोच: वाटेत हरवणारा प्रकाश. आरसे, स्फटिक, लेसर आणि डिटेक्टर हाताळणारी माणसं इथं घडली, तर ती दोन्ही कामांना येतील.

तोवर बँकांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी क्वांटम लाइनची वाट पाहत बसू नये. क्वांटम संगणकालाही सुटायला कठीण अशा नव्या गणिती कुलपांची पहिली तीन मानकं अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली आहेत. ती आहे त्या फायबरवर आणि आहे त्या मोबाइलवर चालतात. क्वांटम लाइनलाही पलीकडचा माणूस खरा कोण, हे ओळखण्यासाठी सुरुवातीला अशा एखाद्या व्यवस्थेची गरज लागतेच. नेकनूरच्या शाखेतल्या खातेदाराला आज नवं गणिती कुलूप हवं आणि त्याच्या मुलांच्या काळात गुंतलेल्या फोटॉनची किल्ली.

ती किल्ली बनवायला माणसं लागतील. बीड, केज, अंबाजोगाईच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी आयसर पुण्याच्या आय-हबची ‘चाणक्य’ शिष्यवृत्ती पाहून ठेवावी. ती पदवीपासून पीएच.डी.पर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी दिली जाते. आणि प्राध्यापकांनी ही माहिती वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवावी.